उघाडीवरचा कान्हू आणि जुनं इंजिन

पेणच्या पश्चिमेला, धरमतरच्या खाडीला लागून पालेखार नावाचं गाव आहे. गाव एवढंसं आणि त्याचा बांध भला मोठा. बांधाच्या अलीकडे भात, पलीकडे खाडी. मातीच्या त्या बांधाला एकाच ठिकाणी दगडी तोंड ठेवलंय, त्याला म्हणायचं उघाडी. ओहोटी लागली की उघाडीच्या फळ्या वर काढायच्या, शेतात साचलेलं पाणी खाडीत निघून जातं. भरती चढायच्या आत फळ्या पुन्हा दगडाच्या खाचांत एकावर एक बसवायच्या, मधल्या फटी चिखलाने लिंपायच्या, म्हणजे खाडी शेतात येत नाही. काम एवढंच. पण खाडीला रविवार नसतो, दिवाळी नसते आणि घरात कोणी गेलं तरी सुतक नसतं.

हे काम कान्हू घरत करी. करी म्हणजे काय, ते त्याच्या गळ्यात पडलं होतं. फार पूर्वी कोणा लोभी माणसाने जिताडा माशाच्या आशेने रात्री चोरून फळ्या उचलल्या, त्या त्याला परत बसवता आल्या नाहीत आणि बांधाला खांड पडली. खारं पाणी शेतात शिरलं. निघून गेलं तेव्हा मीठ मागे ठेवून गेलं, आणि त्या जमिनीने कित्येक सुगी दाणा दिला नाही. तेव्हा गावाने देवळात बसून ठरवलं की फळीला हात लावायचा तो घरतांच्या घरातल्या पुरुषाने, दुसऱ्या कोणी नाही. बाईमाणसाने तर उघाडीच्या दगडावर बसायचंसुद्धा नाही, तिथल्या राखणदार देवाला ते खपत नाही. देवाला हे कोणी विचारलं होतं की नाही कोण जाणे, पण गावाला ते फार सोयीचं पडलं. एकाच्या गळ्यात घोंगडं अडकवलं की बाकीचे निजायला मोकळे.

कान्हूचं नशीब खरं तर रेल्वेत लिहिलेलं होतं. पेणहून रोह्याकडे रूळ टाकायला घेतले तेव्हा घरतांच्या जमिनीचा एक पट्टा त्यात गेला, आणि त्या बदल्यात घरातल्या एकाला नोकरी मिळणार होती. नाव कान्हूचं गेलं, थोरला म्हणून. खडी टाकणाऱ्या गाड्या येत तेव्हा तो बांधावरून पळत सुटायचा आणि त्या डिझेल इंजिनाजवळ जाऊन त्याच्या गरम पोटाचा वास घेत उभा राहायचा. लोक हसायचे. मग त्याच पावसाळ्यात बाप उघाडीवर काम करताना साप चावून वारला. तेराव्याला गावकरी जमले आणि दुःख करून झाल्यावर विचारते झाले, की आता फळ्यांचं काय. धाकटा हरेश तेव्हा मिसरूड न फुटलेला, त्याला उघाडीचं काही कळत नव्हतं. नोकरी थांबायला तयार होती, पण खाडी नव्हती. कान्हूने फळ्या धरल्या. पुढे हरेश वयात आला तसा त्याच्या नावावर नोकरी झाली, तो एका डिझेल शेडमध्ये लागला, फिटर झाला. वर्षाकाठी दोनदा घरी यायचा आणि त्याच्या कपड्यांना तेलाचा वास यायचा. कान्हू त्याची पिशवी आत नेऊन ठेवायच्या निमित्ताने तो वास घेई. भावावर त्याचा राग नव्हता असं म्हणणं खोटं ठरेल. होता, पण तो त्याने कधी ओठावर आणला नाही.

हौस मात्र गेली नाही. खाडीकाठचा तो खारेपाट सपाट, आवाज अडवायला काही नाही. बांधावर बसून तो लांबून येणारी गाडी ऐके आणि ही मालगाडी, ही पॅसेंजर, हिचं इंजिन आज दमलंय असं आपलं आपणच बोले. दोन भरत्यांच्या मधे वेळ सापडला की सायकलवरून पेण स्टेशन गाठायचं, एखादी गाडी डोळे भरून बघायची आणि खाडी चढायच्या आत परतायचं. दावणीच्या जनावराला दाव्याच्या लांबीएवढंच रान चरता येतं, तशी त्याची गत. एकुलती लेक पूजा, ती कोलाडला दिली. कोलाड म्हणजे काही विलायत नव्हे, तरी तिच्या घरी तो एक रात्र कधी राहिला नव्हता. जावई दरवेळी आग्रह करी आणि कान्हू दरवेळी जेवता जेवता तिथी मोजी.

सत्त्याण्णव सालच्या नवरात्रात हरेश घरी आला तो बातमी घेऊनच. एकोणीसशे साठच्या सुमारास परदेशातून आलेलं एक जुनं डिझेल इंजिन शेडच्या मागे गंजत पडलं होतं. मुंबईच्या इंजिनवेड्या मंडळींनी साहेबांच्या मागे लागून ते दुरुस्त करून घेतलं. नवा रंग, जुना नंबर, पितळी पट्ट्या घासूनपुसून. ते इंजिन डबे घेऊन रोह्यापर्यंत सहल काढणार होतं, एका दिवसाची. हरेशच्या हातांनी त्याचे निम्मे नटबोल्ट फिरलेले, म्हणून तो इंजिनावर असणार. आणि इंजिनावर हाताखालच्या कामाला एक खलाशी लागतो.

हरेशने हळूच सांगितलं, "दादा, तू ये खलाशी म्हणून. कपडे मी आनतो. कोनाला ताकास तूर लागायची नाय."

कान्हूने लगेच तिथी मोजली. ठरलेला रविवार एकादशीचा, भांगाचे दिवस, पाण्याला जोर नाही. फळ्या टाकून गेलं तरी चालेल. तो हो म्हणाला, आणि बायकोला, चंद्रावतीला सांगताना त्याचा आवाज पोरासारखा झाला. ती म्हणाली, जा. एवढंच.

पण इंजिनाचं काहीतरी राहिलं आणि सहल आठवडाभर पुढे ढकलली गेली. मुंबईच्या लोकांना हा रविवार काय नि तो काय, सारखेच. कान्हूने मात्र पुन्हा तिथी मोजली. पुढचा रविवार कोजागिरीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पडत होता. उधाणाचा जोर अजून अंगात असलेलं पाणी, आणि भरती दुपारची. त्यात शुक्रवारी अवेळी पाऊस कोसळला. भात पिकून पिवळं झालेलं, आज-उद्या कापणी लागायची, आणि त्याच्या बुडात वीतभर पाणी. गाव म्हणू लागलं, कान्हू, पाणी काढ, नाहीतर लोंब्या उभ्या जागी कोंबारतील. म्हणजे रविवारी सकाळच्या ओहोटीला उघाडी सताड उघडी ठेवायला हवी, आणि दुपार व्हायच्या आत फळ्या टाकायला हव्यात. पाणी एकदा आत धावू लागलं की फळी खाचेत बसत नाही, माणसाला घेऊन वाहते.

शहाण्या माणसाने अशा वेळी हौस गुंडाळून ठेवली असती. पण पंधरा-सोळा वर्षं शहाणपणात काढलेला माणूस एखाद्या दिवशी वेडा झाला तर त्याला दोष कोणी द्यायचा? कान्हूने आपला चुलतभाऊ सखा याला गाठलं. सखा घरतांच्याच घरातला पुरुष, म्हणजे गावाच्या कायद्यात बसणारा. हातपाय धड, फक्त ते हलवायचा कंटाळा. मागे कान्हूला कावीळ झाली तेव्हा त्यानेच उघाडी सांभाळली होती. कान्हूने त्याला तीनतीनदा बजावलं की पाण्याने बाहेरच्या दगडाची खालची कड ओली केली की फळ्या टाक, वाट बघू नकोस. सखाने छातीवर हात मारून, काळजी करू नको म्हणून सांगितलं. असं सांगणाऱ्याचीच काळजी करावी लागते, हे कान्हूला कळत होतं. कळूनही तो गेला.

पेण स्टेशनात इंजिन आलं तेव्हा कान्हू निळे कपडे घालून प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभा होता. गडद लाल अंग, मधोमध पिवळसर पट्टा, आणि पोटातून येणारी ती संथ गुडगुड. त्याला शिडीचे दांडे धरवेनात. हरेशने वरून हात दिला. आत ड्रायव्हर, त्याचा जोडीदार आणि हे दोघे भाऊ. गाडी सुटली. समोरच्या काचेतून रूळ पोटाखाली येऊ लागले आणि कान्हूच्या डोळ्यांत पाणी आलं. वारा लागला म्हणून, असं त्याने हरेशला सांगितलं. कासू गेलं, नागोठणं गेलं, अंबा नदीच्या पुलावर चाकांचा आवाज बदलला. ज्या गाड्या आजवर नुसत्या कानांनी पाहिल्या त्यातलीच एक आता त्याला आपल्या पोटात घेऊन धावत होती. तेवढ्या तासाभरात त्याला खाडीची आठवण झाली नाही, हे त्याने पुढे स्वतःशी कबूल केलं.

रोह्याला हीऽ गर्दी. मुंबईकर मंडळी इंजिनाचे फोटो काढत होती, रोहेकर मुंबईकरांना बघत होते. कान्हूने चहासुद्धा घेतला नाही, इंजिनाच्या बाजूने दोन फेऱ्या मारल्या आणि तळहाताने त्याचं अंग चाचपलं. परतताना एक साहेब इंजिनात चढले. त्यांनी कान्हूकडे बघून हा कोण असं विचारलं. हरेश म्हणाला, खलाशी, साहेब. कान्हूने मान खाली घातली. साहेबांचं समाधान झालं आणि गाडी निघाली.

घोड्याने पेंड खाल्ली ती कासूच्या पुढे. इंजिनाची गुडगुड अडखळली, हरेश मागच्या दारातून आत घुसला आणि लगेच ओरडत बाहेर आला की पाणी जातंय. इंजिन थंड ठेवणारं पाणी ज्या नळीतून फिरतं ती जुनी नळी फाटली होती. पाण्याची पातळी घटली तसं इंजिन आपणहून बंद पडलं. एवढा वेळ कानात भरून राहिलेला आवाज थांबला आणि चहूकडे सुनसान झालं. डाव्या हाताला खाजण, त्यापलीकडे खाडीचा फाटा, आणि फाट्याच्या पलीकडे एक लांबच लांब काळी रेघ. कान्हूने ती रेघ ओळखली. तो त्याचा बांध होता. मधोमध दोन ठिपके दिसत होते, ते उघाडीचे दगड.

सहलीची मंडळी रुळांवर उतरली. कोणाला वाईट वाटल्याचं दिसेना, उलट बंद पडलेलं जुनं इंजिन म्हणजे त्यांना दुप्पट मौज. त्या घोळक्यात वडापाव खात एक ओळखीचं तोंड हसत हसत कान्हूकडे येत होतं. तो सखा होता.

कान्हूला क्षणभर वाटलं, आपल्याला भास होतोय. सखाने आनंदाने सांगितलं की सकाळी ओहोटी निवांत दिसली, म्हणून तो एसटीने रोह्याला गेला, इंजिन बघितलं आणि गर्दीत डब्यात चढला. ही गाडी पेणला वेळेत पोचणारच होती, मग काय बिघडलं. हे सांगता सांगता त्याचं लक्ष कान्हूच्या तोंडाकडे गेलं, मग कान्हू बघत होता तिकडे गेलं, आणि त्याचा घास तोंडातच राहिला.

"सखा," कान्हू म्हणाला, "फल्या कोन टाकील?"

गावात फोन एक, तोही ग्रामपंचायतीत कुलपाआड, आणि आज रविवार. कान्हूने त्याला रुळांवरून पेणच्या दिशेने पिटाळलं. सखा धावला खरा, पण त्याचं धावणं म्हणजे चार पावलं पळायचं आणि बरगडी धरून उभं राहायचं. तो पोचेपर्यंत भरती येऊन परत जाईल हे दोघांनाही दिसत होतं.

कान्हूचे पाय आपसूक निघाले होते. समोर दिसतोय तो बांध, हाकेला ओ येईल इतका जवळ वाटतोय. पण मधलं खाजण म्हणजे कंबरभर चिखल, त्यापुढे चढत्या पाण्याचा फाटा. तिथून कोणी माणूस जात नाही. रुळांवरून पेण आणि पेणहून वळसा घालून गाव, हा पायी रस्ता दुपार खाऊन टाकणारा. तेवढ्यात हरेशने त्याचा दंड धरला. साहेब दहा पावलांवर उभे होते, म्हणून तो हळू बोलला.

"दादा, तू गेलास तर मी मेलो. खलाशी कुठं गेला म्हनून इचारतील. आन् पानी भरल्याबिगर हे हलनार नाय. हे हललं तरच तू येळेवर पोचशील."

यातलं पहिलं कारण हरेशचं होतं आणि दुसरं कान्हूचं, आणि दोन्ही खरी होती. कान्हूला त्या घडीला भावाचा राग आला, सखाचा आला, साहेबांचा आला, पण सगळ्यात जास्त आला तो त्या लाल इंजिनाचा. ज्याच्यावर जन्मभर जीव टाकला त्यानेच बरोबर त्याच्या बांधासमोर आणून त्याला उभं केलं होतं. इकडे आड आणि तिकडे विहीर म्हणतात, इथे तर दोन्हीकडे पाणीच. एका ठिकाणी हवं होतं आणि मिळत नव्हतं, दुसऱ्या ठिकाणी नको होतं आणि चढत होतं.

त्याने बादल्या उचलल्या. रुळाच्या कडेच्या चरात पाणी होतं, ते त्याने चाखलं आणि थुंकलं. खारट पाणी इंजिनात घालून चालत नाही. गोडं पाणी मिळालं ते लांबच्या वाडीतल्या तळ्याचं. तिथून रुळापर्यंत बांधाबांधाने, दोन्ही हातांत बादल्या, मग शिडीवरून वर, मग हरेशच्या हातात. हरेशने फाटलेल्या नळीवर रबर गुंडाळून तार आवळली होती. इंजिनाचं पोट भलतं मोठं, बादल्या त्यात कुठल्या कुठे जात होत्या. सहलीतली काही पोरंटोरं मदतीला आली, दोन खेपा करून दमली. एका टोपीवाल्या गृहस्थांनी कान्हूला शिडीवर थांबवलं आणि बादली जरा वर धरायला सांगितली, म्हणजे फोटोत इंजिनाचा नंबर येईल. कान्हूने धरली. तो फोटो पुढे मुंबईत कोणाच्या तरी भिंतीवर लागलाही असेल. बघणाऱ्याला वाटेल, काय निष्ठावंत रेल्वेसेवक आहे.

प्रत्येक खेपेला त्याची मान पश्चिमेकडे वळे. आधी खाडीच्या काठचा चिखल चमकताना दिसत होता. मग तो दिसेनासा झाला. मग चिखलात टिपत बसलेले बगळे उठले आणि बांधावर जाऊन ओळीने बसले. पाणी कुठवर आलं हे सांगायला त्याला आणखी काही नको होतं. आता बाहेरच्या दगडाची कड बुडाली असेल, आता आतबाहेर पाणी सारखं झालं असेल, आता आत धावू लागलं असेल. त्याला ते पाणी भाताच्या बुडाशी शिरताना दिसत होतं. सगळ्या गावाची कापणीला आलेली शेतं, आणि पुढची किती वर्षं, सगळं मिठाखाली. कशासाठी, तर एका माणसाला इंजिनात बसायचं होतं.

इंजिन सुरू झालं तेव्हा मंडळींनी टाळ्या वाजवल्या. पेणपर्यंत कान्हू दाराचा दांडा धरून उभा राहिला. समोरच्या काचेकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. वाटेत रुळाकडेला सखा बसलेला दिसला, गाडीला हात करत होता. गाडी थांबली नाही. पेणला पुरती थांबायच्या आत कान्हूने उडी मारली, सायकल काढली आणि निळे कपडे अंगावर तसेच ठेवून तो गावाकडे सुटला.

गावाच्या तोंडाशी, देवळाच्या पारावर म्हातारी मंडळी बसली होती. मधोमध मोठे पाटील, वय झालेलं, शब्दाला मान असलेले. कान्हूला बघून त्यांनी तोंड फिरवलं. कान्हूची सायकल आपोआप थांबली.

"काय झालं, काका?"

"व्हायचं ते झालं," पाटील म्हणाले. "आमच्या हयातीत असं झालं नव्हतं."

किती शेतं गेली, एवढंच कान्हूने विचारलं. पाटील गोंधळले. शेतं कुठं गेली, शेतं हायेत, म्हणाले. मग घसा खाकरून त्यांनी खरा अनर्थ सांगितला. कान्हूच्या बायकोने फळ्या टाकल्या होत्या. सखाची बायको रंभा, तिलाही सोबत ओढलं होतं. सगळ्यांनी सांगितलं, थांब, पुरुषमाणूस येऊ दे, देवाचा कोप होईल. ऐकली नाही. उघाडीच्या दगडावर पाय देऊन पाण्यात उतरली. आता देवाचं काय करायचं ते कान्हूने बघावं.

भात वाचलं होतं. कान्हूला हे समजायला थोडा वेळ लागला, आणि समजलं तेव्हा त्याला हसावं की रडावं कळेना. गावचे सगळे बाप्ये पाणी चढताना बघत पारावर बसून राहिले होते आणि आता वाचलेल्या भातासमोर सुतक पाळत होते. त्याने सायकल तिथेच टाकली आणि बांधावरून चालत निघाला.

चंद्रावती उघाडीपाशी बसली होती. दगडावर नाही, बाजूच्या मातीवर. छातीपर्यंत भिजलेली, दोन्ही तळहात सोललेले, ते तिने पदरात धरले होते. रंभा घरी गेली होती. बाहेर खाडी काठोकाठ भरून फळ्यांना रेटत होती आणि आत शेतं जशीच्या तशी पिवळी उभी होती. फळ्या सरळ बसल्या होत्या. फटींत चिखल भरलेला होता, त्याच्या हाताला जमतो तितकाच नीट. कान्हू ते बघत राहिला. एवढं काम पहिल्याच दिवशी कोणाला जमत नाही हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार?

तो तिच्याशेजारी बसला आणि त्याने विचारलं, हे कुठं शिकलीस गो.

ती खाडीकडे बघत म्हणाली की कावीळ झाली होती तेव्हा. दिवसाच्या भरतीला सखा यायचा, लोक बघायचे म्हणून. रात्रीच्या भरतीला तो घोरत पडायचा. तेव्हा ती कंदील न घेता यायची, फळ्या टाकायची आणि उजाडायच्या आत घरी जायची. महिना-दीड महिना. देव काही बोलला नव्हता.

त्या आजाराला किती वर्षं झाली होती, त्यानंतर किती गाड्या त्याने या बांधावरून नुसत्या ऐकल्या होत्या, पूजाच्या घरून किती वेळा ताटावरून उठल्यासारखा तो निघून आला होता, ते सगळं एकदम त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. त्याला राग यायला हवा होता. आला तो रडवा.

"मला कवाच बोलली नायस. एक दिस तरी मी कुठं गेलो असतो."

चंद्रावतीने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. "बोलले असते तर तुमी गेला असता," ती म्हणाली. "एक दिस नाय, दर आयतवारी. इंजिनामागं. आन् मी हितं बसले असते. तुमाला बांधलेलं मला दिसत व्हतं. पन तुमी सुटला असता तर ते दावं कोनाच्या गल्यात आलं असतं?"

तो खोटं बोलू शकला असता, पण आज सकाळीच तो तिला आणि उघाडीला टाकून गेला होता, अंगावर अजून ते निळे कपडे होते.

"म्हनून दातखीळ बसल्यागत ऱ्हायले," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता दमलेपणा होता. "आज दुपारी पन लई येळ बसून ऱ्हायले. कोनी बाप्या उठतो का बघत. कोन उठलं नाय. पानी दगडाला लागलं तवा मला कललं, आता मी उतरले की सगलं संपलं. तरी उतरले. भात आपलं पन हाय ना त्यात."

"गाव काय बोलेल ते मी बघतो. देवाला नारल मी फोडीन."

"गाव चार दिस बोलेल. मंग सुगी घरात आली की म्हनतील, कान्हू नसला तर काय झालं, चंद्रावती हाय की." तिने सोललेले हात उघडून बघितले आणि पुन्हा पदरात घेतले. "तुमी सुटलात. आता माझी पाली."

कान्हू म्हणाला, मी कुठं जाणार नाही. त्याने ते मनापासून म्हटलं. चंद्रावती उठली, तिने लुगड्याचा ओला सोगा पिळला.

"जाल," ती म्हणाली. "मला ठावं हाय."

ती बांधावरून घराकडे चालू लागली. कान्हूला तिच्या मागे जायचं होतं, पण पाणी अजून फळ्यांना रेटत होतं आणि ते उतरेपर्यंत कोणीतरी तिथे बसायला हवं होतं.